आषाढाचें पाणी आणि वैशाखाची विहीर

गेल्या वैशाखांतली गोष्ट. आमच्या पनवेलच्या जुन्या घराच्या परसांत एक विहीर आहे. तिचें पाणी आटल्याचें घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींस स्मरत नाहीं. एकाच मांडवांत तीन लग्नें झालीं, त्या वर्षींही तिनें हात आंखडला नव्हता. त्या विहिरींत त्या दिवशीं पोहरा सोडला तो नुसता चिखल घेऊन वर आला, आणि दुपारीं पाण्याचा टँकर दाराशीं येऊन उभा राहिला. हंडे-कळशा भरण्याची घाई चालली असतां आमचा अकरा वर्षांचा पुतण्या ओट्यावरून विचारता झाला, "काका, झाडें लावलीं म्हणजे पाऊस पडतो, असें आमच्या पुस्तकांत आहे. पण आपल्याकडे पाऊस तर पुष्कळच पडतो. आषाढांत आपल्या गल्लींत गुडघाभर पाणी होतें. मग तें सगळें पाणी वैशाखापर्यंत जातें कोठें?"

प्रश्न मुलाचा होता, पण उत्तर देतांना आमची तारांबळ उडाली. "रविवारीं सांगतों," असें म्हणून वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यांत घरांत दुसरा एक विषय चालू होता. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशीं आमच्या घराण्याचा वरकस जमिनीचा एक लहानसा तुकडा आहे. कुळकायद्यानें भातजमिनी कसणाऱ्यांच्या नांवें झाल्या, आणि तें योग्यच झालें. हा डोंगरउताराचा तुकडा मात्र कोणाच्या नजरेंत न भरल्यामुळें राहून गेला. पुष्कळ वर्षें तिकडे कोणी कुऱ्हाड नेली नाहीं, म्हणून तेथें आपोआप रान माजलें. आतां मुंबईची वस्ती त्या बाजूस सरकूं लागल्यानें एका दलालानें त्या तुकड्याची जी किंमत सांगितली, ती ऐकून आमचे वडील बंधु क्षणभर गप्पच राहिले. दादांचें म्हणणें कांहीं अगदींच वावगें नव्हतें. घराचे वासे बदलावयाचे आहेत, मुलांच्या शिक्षणाचा खर्च डोक्यावर आहे. मग जें रान दमडीचें उत्पन्न देत नाहीं, तें कशासाठीं राखावयाचें? "त्या रानाचा उपयोग काय, तेवढें मला सांग," असें ते म्हणाले. मुलाचा प्रश्न आणि दादांचा प्रश्न हे वस्तुतः एकच आहेत, हें ध्यानांत यावयास आम्हांस कांहीं दिवस लागले. या महिन्याच्या सदरांत त्याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पुस्तकांतील वाक्य पाहूं. झाडांमुळें पाऊस पडतो, हें आपण लहानपणापासून घोकीत आलों. परंतु कोंकणपट्टीपुरतें तें फारसें खरें नाहीं. आपला पाऊस समुद्राचा. ज्येष्ठांत नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरची वाफ घेऊन येतो, सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतो, थंड होतो आणि रिता होतो. पनवेलीस वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जवळच माथेरानच्या माथ्यावर तो ५००० च्या घरांत जातो. आणि यांतला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगरावर एकही झाड उरलें नाहीं, तरी हा पाऊस येईलच. पलीकडच्या प्रदेशाची गोष्ट निराळी. घाटांतलीं रानें मुळांनीं पाणी ओढून पानांवाटें तें पुनः वाफेच्या रूपानें हवेंत सोडतात, आणि ती वाफ वाऱ्याबरोबर पूर्वेकडे जाते. तामिळनाडूंत पडणाऱ्या मोसमी पावसाचा मोठा वांटा पश्चिम घाटांतील रानांनीं सोडलेल्या वाफेचा असतो, आणि ओढीच्या वर्षीं तो आणखी वाढतो, असें मुंबईच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनीं २०१८ सालीं दाखवून दिलें. म्हणजे आमच्या रानाचा पाऊस दुसऱ्यांच्या शेतांत पडतो. आमच्या स्वतःच्या दारीं रान जें करतें तें निराळेंच आहे. येथें तें पाऊस आणीत नाहीं. आलेला पाऊस ठेवून घेतें.

हें काम डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, तर आषाढांत एकदां कर्नाळ्यास जावें. पनवेलीपासून अवघें बारा किलोमीटर. मुंबई-गोवा रस्ता या रानांतूनच जातो. १९६८ सालीं तें पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें, आणि आज त्याचें क्षेत्र सुमारें १२ चौरस किलोमीटर आहे. किल्ल्याच्या वाटेनें थोडें चढून गेलें कीं मोटारींचा आवाज मागें पडतो. पाऊस कोसळत असतो, पण अंगावर धार येत नाहीं. ऐन, किंजळ, कोशिंब, कळंब, उंबर यांच्या पानांवर आपटून थेंबाचा जोर मोडतो. मग तो खालच्या झुडुपांवर, तेथून करवंदीच्या जाळीवर, आणि अखेर पाचोळ्यावर उतरतो. हा पाचोळा एका वर्षाचा नव्हे. वरच्या थरांत गेल्या शिमग्याचीं पानें, त्याखालीं आदल्या वर्षाचीं, कुजून काळीं झालेलीं, आणि त्याखालीं माती. त्या मातींत गांडुळांनीं, वाळवीनें आणि कुजून गेलेल्या मुळांनीं केलेलीं असंख्य बारीक बिळें. पाणी त्या बिळांतून मुरतें, खडकाच्या भेगांत शिरतें, आणि महिनोन्‌महिने सावकाश चालत राहून एखाद्या ओहोळाच्या कांठीं झऱ्याच्या रूपानें वर येतें. त्याच ओहोळाच्या मातीच्या दरडींत तिबोटी खंड्या हा चिमुकला रंगीत पक्षी ऐन पावसाळ्यांत बीळ करून अंडीं घालतो. ज्या ओढ्याचें पाणी प्रत्येक सरीबरोबर दरडी खात सुटतें, तेथें असला संसार मांडतां येत नाहीं.

परततांना वाटेंत एखादी बोडकी टेकडी दिसली तर तेथेंही क्षणभर थांबावें. थेंब थेट मातीवर आपटतो, माती घट्ट बसते, तिचीं बारीक तोंडें बुजतात, आणि पाणी लाल होऊन उतारानें धांवूं लागतें. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो. एकीकडचें पाणी फाल्गुनांत झऱ्यांतून भेटतें. दुसरीकडचें त्याच संध्याकाळीं खाडींत जातें, आणि जातांना डोंगराची माती बरोबर नेतें. मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हेंच.

कोणी चिकित्सक वाचक म्हणतील कीं, झाडें स्वतः पाणी पितात, त्याचें काय? शंका रास्त आहे, आणि तिची तपासणी झालेली आहे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यांत जगदीश कृष्णस्वामी आदि शास्त्रज्ञांनीं नैसर्गिक रान, उजाड झालेली जमीन आणि अकेशियाची लागवड अशा तिन्ही ठिकाणीं पाणी किती वेगानें मुरतें आणि ओढ्यांतून किती वाहून जातें, हें मोजून पाहिलें. झाडें पाणी पितात हें खरेंच. परंतु जेथें पाऊस एवढा धो धो पडतो, तेथें चांगल्या रानाची माती जें पाणी मुरवून घेते तें झाडांनीं प्यालेल्या पाण्याची भरपाई करून वर उन्हाळ्यासाठीं शिल्लक ठेवूं शकतें, असें त्यांच्या कामावरून दिसतें. उजाड जमिनीला तें साधत नाहीं. आणि एकाच जातीचीं झाडें रांगेनें लावलीं म्हणजे लगेच तें साधतें, असेंही नाहीं.

आतां आमच्या गाढी नदीकडे वळूं. ती माथेरानच्या डोंगरांतून निघते आणि पनवेलीच्या खाडीस मिळते. १८५२ सालीं पनवेलीस नगरपालिका झाली, २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. गांवाचें शहर झालें. या गाढीवर देहरंगचें धरण आहे. तें पनवेलीच्या स्वतःच्या पाण्याचा जुना आधार. डोंगरावरून आलेला गाळ सांचून तें उथळ झालें आहे. म्हणून पावसाळ्यांत तें लौकर भरून सांडूं लागतें आणि उन्हाळ्यांत लौकर तळ दाखवितें. आषाढांतल्या पुराची तक्रार आणि वैशाखांतल्या टंचाईची तक्रार आम्ही निरनिराळ्या वेळीं करीत असतों. पण दोन्हींचें मूळ त्याच डोंगरउतारावर आहे.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. आमच्या विहिरीचें सगळें खापर डोंगरावर फोडतां येणार नाहीं. परसांत चिखल नको म्हणून आम्हींच फरशी घातली; पन्हाळीचें पाणी विहिरीकडे जात असे, तें गटाराकडे वळविलें; शेजारच्या वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या आणि कूपनलिका खोल खोल गेल्या. अंगणांत फरशीनें जें केलें, तेंच डोंगरावर रान गेल्यानें होतें. मोजमाप निराळें, रीत एकच.

हें ज्ञान कांहीं आजचें नव्हे. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे वनरक्षक नेमण्यांत आलें. कोंकणांतलीं रानें तुटल्यामुळें झरे आटत आहेत आणि खाड्या गाळानें भरत आहेत, असें त्यांनीं त्या काळींच सरकारास कळविलें होतें. परंतु मुंबईच्या गोदीला सागवान हवें होतें, वाढत्या शहरास जळण व कोळसा हवा होता, आणि १८५३ सालीं आगगाडी धांवूं लागल्यावर रुळांखालच्या लांकडांची मागणी वाढली. पुढें १८७८ च्या कायद्यानें सरकारनें रानें राखलीं तीं मुख्यतः लांकडासाठीं. आणि शेतकऱ्याचा राबासाठींचा टहाळ, गुरांची चराई, ठाकर-कातकऱ्यांचा मध, कंद व जळण या सर्वांवर बंधनें आलीं. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत इतकी कुरकुर माजली कीं, त्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं खास कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालचा आहे. तरीही दुखणें राहिलेंच. २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळच्या चिरनेर येथें जंगल-सत्याग्रह झाला, आणि गोळीबारांत आठ सत्याग्रही बळी पडले. नाग्या महादू कातकरी हा त्यांतला एक. रान राखण्याचा विचार करतांना हा इतिहास विसरून चालणार नाहीं. जो रानांत राहतो त्यास हांकलून रान राखूं म्हटल्यास तें राखलें जात नाहीं. उलट गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि गांवकऱ्यांनीं तें सांभाळून बांबूचें उत्पन्नही मिळवून दाखविलें.

येथपर्यंतचें सारें ऐकून दादा म्हणाले, "हें सगळें आजोबांच्या वेळींही होतें. मग आतांच एवढी घाई कां?" या प्रश्नाचें उत्तर हवेंत आहे. दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळून माणसानें हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण दर दहा लाख भागांत २८० होतें तें ४२० च्या पलीकडे नेलें. हा वायु पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. हवा एक अंश सेल्सियसनें तापली कीं ती सुमारें सात टक्के अधिक वाफ वागवूं शकते. समुद्रही तापला असल्यानें वाफेस तोटा नाहीं. परिणाम असा कीं, पाऊस पूर्वींसारखा दिवसेंदिवस झिमझिमत न राहतां मधेंच ओढ देतो आणि मग एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो दिवस मुंबई-पनवेलकडचें कोणतेंही घर विसरलेलें नाहीं. आजोबांच्या वेळीं जें पाणी आठ दिवसांत येई तें जर एका रात्रींत आलें, तर मुरवून घेणाऱ्या मातीची गरज वाढते कीं कमी होते? रान तेंच, काम मात्र वाढलें, आणि तें काम करणारें क्षेत्र घटलें.

रानाचें दुसरेंही एक काम आहे. झाड वाढतें तें हवेंतला कार्बन घेऊन. वाळलेल्या लांकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनच असतो, आणि पुष्कळसा मातींतही सांठतो. माणूस दरसाल जितका कार्बन डायऑक्साइड हवेंत सोडतो, त्यांतला सुमारें तीस टक्के पृथ्वीवरचीं रानें, इतर वनस्पति व माती शोषून घेतात. हा उपकार लहान नव्हे. परंतु यावरून "आम्ही धूर करूं आणि झाडें लावून फेडूं" असा जो हिशेब हल्लीं मांडला जातो, तो खोटा आहे. खाणींतून काढलेला कोळसा कोट्यवधि वर्षें जमिनीखालीं होता. त्याचा धूर झाडांत सांठविला तर तो झाड उभें असेपर्यंतच सांठला. झाड जळलें कीं सांठाही गेला. रान धुराचें प्रायश्चित्त नव्हे. धूर कमी करणें हें काम आपणांसच केलें पाहिजे.

तसेंच रान म्हणजे सर्व संकटांवरचें कवच, असेंही मानूं नये. पनवेलीहून दिसणाऱ्या इर्शाळगडाच्या कुशींत इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, कित्येक दिवसांच्या अतिवृष्टीनंतर, वरचा कडा घसरून वाडीवर आला. २७ देह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. भोंवतीं झाडी होती, पण अति तीव्र उतार, झिजलेला खडक आणि मुसळधार पाणी यांपुढें मुळांचें कांहीं चाललें नाहीं. मुळें वरची माती बांधून धरतात. खोल खडकच निसटला तर तीं काय करणार? यास्तव कड्याखालच्या वस्त्यांना सुरक्षित जागा देणें हें स्वतंत्र कर्तव्य आहे. झाडें लावून तें टळत नाहीं.

डोंगरावर जें ऐन-किंजळाचें रान करतें, तें खाडीच्या तोंडाशीं खारफुटीचें रान करतें. भरतीचा जोर तें मोडतें, गाळ धरतें, आणि त्याच्या चिखलांत कार्बनचा सांठा फार मोठा असतो. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. आमच्या दाराशींच नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. त्यासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला आणि पाणथळ जमिनींवर भराव पडला. विमानतळ नको होता असें म्हणण्याचा आव आम्ही आणणार नाहीं. आमच्याच घरचीं माणसें तेथून ये-जा करणार. परंतु भरतीच्या वेळीं अतिवृष्टि झाली तर पूर्वीं ज्या खाजणांत पाणी पसरत असे तीं आतां तेथें नाहींत, हेंही आपण लक्षांत ठेवलें पाहिजे.

मग उपाय काय? झाडें लावणें, असें उत्तर तत्काळ येतें. २०१९ सालीं आपल्या राज्यांत ३३ कोटि रोपें लावण्याचें उद्दिष्ट जाहीर झालें होतें. रोप लावणें वाईट नव्हे. पण आमचा स्वतःचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या आमंत्रणावरून आम्ही सहकुटुंब एका टेकडीवर जाऊन रोपें लावलीं. फराळ झाला, छायाचित्रें निघालीं. फाल्गुनांत सहज तिकडे गेलों, तों टेकडी काळी ठिक्कर. वणवा येऊन गेला होता. पुढच्या आषाढांत त्याच खड्ड्यांत पुनः रोपें लागलीं! आमच्या डोंगरांचा खरा शत्रु कुऱ्हाडीइतकाच हा वणवा आहे. नवें गवत चांगलें येतें या समजुतीनें कोणी पेटवितो, कोणी शिकारीसाठीं, कोणी विडीचें थोटूक टाकून देतो. आणि दरसाल माघ ते चैत्र या काळांत डोंगर रात्रीं माळ घातल्यासारखे पेटलेले दिसतात. मोठें झाड कदाचित् तगतें; पण पाचोळा जळतो, आणि बियांतून वर आलेलीं कोंवळीं रोपें मरतात. पाचोळा गेला म्हणजे पाणी मुरविणारा थरच गेला. उलट ज्या जागेचें आगीपासून आणि तोडीपासून रक्षण झालें, तेथें जुन्या बुंध्यांतून आणि पक्ष्यांनीं आणलेल्या बियांतून रान आपण होऊन येतें, तें त्या मातीचें असतें, आणि त्यास खड्ड्याचा खर्चही लागत नाहीं. आमचा वरकसाचा तुकडा याचेंच उदाहरण होता. आम्हींच तें पाहिलें नव्हतें.

तें आम्हांस दाखविलें एका ठाकरणीनें. ज्येष्ठाच्या पहिल्या पावसानंतर ती दरवर्षीं आमच्या दारीं शेवळें घेऊन येते. आमच्या मातुःश्रींनीं भाव करतां करतां पाण्याचें रडगाणें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "आजी, तुमच्या रानाखालचा झरा अजून धरून हाय. आमची वाडी त्याच्यावरच जगली. पल्याडची टेकडी जाळली, तिथला होळीलाच आटला." मातुःश्री आंत आल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "दादा, उपयोग विचारीत होतास ना? दारांत बसली आहे, तिला विचार."

दादांनीं विचारलें. नंतर एके दिवशीं आम्ही तिघे, म्हणजे दादा, पुतण्या आणि आम्ही, तेथें जाऊन आलों. करंगळीएवढी धार, खालीं दगडांचें लहानसें कुंड, आणि भोंवतीं ओळीनें लावलेल्या कळशा. दादा बराच वेळ पाहत उभे राहिले. परत येतांना ते म्हणाले, "आपल्या एवढ्याशा तुकड्यानें पनवेलीची तहान भागणार नाहीं, हें तुलाही ठाऊक आहे." तें खरें होतें. परंतु गाढीच्या वरच्या अंगास असे अनेक तुकडे अनेक घरांचे आहेत, आणि ते विकण्याचा विचार प्रत्येक घर एकेकटें करीत असतें. आपल्या एकट्यानें काय होणार, असें म्हणत सारेच विकतात. शिवाय पनवेलीची भागली नाहीं, तरी एका वाडीची तहान त्यानें भागत होती. आणि ती विकण्याचा अधिकार आम्हांस कागदानें असला तरी मन धजेना.

तूर्त त्या वर्षापुरता व्यवहार थांबला; वासे बदलण्याचें काम निम्म्यावर आणलें. मार्गशीर्षांत वाडीच्या लोकांनीं आणि आम्हीं मिळून तुकड्याभोंवतीं गवत कापून जाळरेषा काढली; गवत, करवंदें व पडलेलें जळण त्यांचें, असें ठरलें. परसांतली अर्धी फरशी उचलली, आणि पन्हाळीचें पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यांतून पुनः विहिरीकडे वळविलें. पुढें काय करावयाचें, हा वाद घरांत अजून संपलेला नाहीं, आणि दलालही अधूनमधून येत असतो.

वाचकांच्या घरीं वरकस नसेल. पण परस असेल, निदान गच्ची असेल. तिच्यावरचें पाणी गटाराऐवजीं जमिनींत जाईल एवढें करावें. हा अंक हातीं पडेल तेव्हां शिमगा जवळ आला असेल. होळी लहान करावी, आणि तिच्यासाठीं उभें झाड तोडूं देऊं नये. डोंगरावर धूर दिसला तर मौज म्हणून पाहत न बसतां वनखात्यास त्वरित कळवावें. वटपौर्णिमेस बाजारांतून वडाची तोडलेली फांदी आणण्यापेक्षां उभ्या वडाकडे जावें. ज्या झाडाच्या दीर्घायुष्याचा आदर्श समोर ठेवावयाचा, त्याचीच फांदी मोडण्यांत कोणतें औचित्य? आणि मुलांस झाडें लावावयास शिकवाच. पण लावलेलें रोप पुढच्या वैशाखांत जिवंत आहे कीं नाहीं, हें पाहावयासही न्या.

पुतण्यास रविवारीं सांगावयाचें उत्तर हें असें लांबलें. त्यानें तें ऐकून घेतलें आणि आपल्या वहींत पुस्तकांतल्या वाक्याशेजारीं स्वतःच्या अक्षरानें लिहिलें: "झाडें पाणी धरून ठेवतात." मास्तर तें बरोबर धरतील कीं नाहीं, याची त्यास काळजी आहे. आम्हांस काळजी येत्या वैशाखाची आहे. पोहरा दोरीसह विहिरीच्या कांठावर ठेवलेला आहे. त्यांत काय येतें तें तेव्हां पाहूं.